तांड्याचा मिस कॉल

आमच्या तांड्यात मिस कॉल म्हणजे व्हय. पोचलो, झालं, पाहिजे, समदं त्यातच. एक रिंग द्यायची अन् कट करायचं. त्याला पैसा लागत न्हाई अन् लिहिता येण्याचीही गरज न्हाई. हे समद्या जगाला ठाऊक असंल, असं मला वाटायचं.

ही गोष्ट दोन हजार आठची. आमचे ग्रामसेवक देविदास भाऊसाहेब मोठे हौशी. त्यांनी दवंडी बंद केली अन् घरोघरचे नंबर घेऊन मोबाइलवर मेसेज पाठवणं सुरू केलं. पोलिओचा डोस कवा, लाइट कवा जाणार, समदं मोबाइलवर. आमाला कवतिकच वाटलं. दवंडीवाला कवा तांड्यापर्यंत आलाच न्हवता.

उन्हाळ्यात मेसेज आला : नळाची लाइन तांड्याकडं न्यायची का? पाहिजे असंल त्यांनी शुक्रवारपर्यंत उत्तर द्यावं. माझी सून रुपा, तिनं वाचून दाखवला. तिला सातवा लागलेला, अन् पाणी आणायचं तर बाळापूरची सडक ओलांडून पल्याडच्या विहिरीवरून. डोईवर हंडा घेऊन ती ट्रक जायची वाट बघत उभी राहायची, अन् इकडं माझा जीव टांगणीला. मी सोता घरोघर फिरले. "द्या रे मिस कॉल, आत्ताच्या आत्ता!" समद्यांनी दिला.

शनिवारी ग्रामसभा. भाऊसाहेब म्हणतात कसे, "तांड्यातून एकाचंही उत्तर आलं नाही. लाइन बसथांब्याकडं नेऊ."

माझं टाळकंच सरकलं. "उत्तर न्हाई कसं? समद्या तांड्यानं दिलं की!"

"मावशी, ते मिस कॉल होते. डोकं उठवलं माझं. शेवटी मोबाइलच बंद करून ठेवला. मेसेजला मेसेजनंच उत्तर द्यायचं असतं."

आमच्या तांड्याचे मुखिया, नायक फुलसिंग, मान खाली घालून बसले. माझ्या डोळ्यापुढं रुपाचा हंडा आला अन् रडूच यायला झालं.

तेवढ्यात भाऊसाहेबांचा मोबाइल एकदा वाजला अन् थांबला. ते कागदं गोळा करून उठले. "चला, आवरा आता. घरी जेवायला वाढलंय."

"कोन म्हणलं?" मी विचारलं.

"बायकोचा मिस कॉल होता."

"तिनं काय लिहून पाठवलं?"

भाऊसाहेब मोबाइल खिशात घालायला लागले.

"बायकोचं एका रिंगमधी कळते तुमाला. आमी दिवसभर सांगून राहिलो, ते काहून न्हाई कळलं?"

सभा खो-खो हसली. भाऊसाहेबांचे कान लाल झाले, पण माणूस वाईट न्हाई. परत खाली बसले. "म्हणजे तुम्हाला लाइन पाहिजे?"

"व्हय!" तांडा एकदमच बोलला. भाऊसाहेबांनी जेवणाआधी ठराव लिहिला.

दिवाळीच्या तोंडावर तोटीला पाणी आलं. रुपानं लेकरू माझ्या हातात दिलं अन् दारातच हंडा भरला. मी म्हणलं, "कळव गं भाऊसाहेबांना." तिनं एक रिंग दिली. मग शेजारच्या केशरबाईनं दिली, मग फुलसिंग नायकांनी, मग समद्या तांड्यानं.

दुपारपर्यंत एकेकाची रिंग लागत राहिली. या खेपेला भाऊसाहेबांनी मोबाइल बंद केला न्हाई.