थेंबांच्या खोलीतली तोंडी परीक्षा

डोळ्यांच्या दवाखान्यात एका सकाळी नोटीस लागली. यापुढे कोणताही कर्मचारी वैद्यकीय शब्दांचा चुकीचा उच्चार करणार नाही. दवाखान्याचं छप्पर गळत होतं, बाकांना पेशंटपेक्षा जास्त आधाराची गरज होती, पण गुणवत्ता समितीच्या डोळ्यांत खुपली ती माणसांची जीभ. जीभ सुधारायला सिमेंट लागत नाही, हे समितीला बरोबर माहीत होतं.

दहा शब्दांची तोंडी परीक्षा. एक जरी चुकला, तरी बदली तळघरात, चादरी धुण्याच्या विभागात.

मावशींनी नोटीस दोनदा वाचली. मावशी थेंबांच्या खोलीतल्या आया. ऑपरेशनआधी पेशंटच्या डोळ्याची बाहुली मोठी करायचे थेंब घालायचे, हे त्यांचं अकरा वर्षांचं काम. त्यांची एक पद्धत होती. कागदावर काहीही लिहिलेलं असो, ज्या डोळ्याचं ऑपरेशन आहे त्यावर पेशंटने स्वतःचं बोट ठेवायचं. मग कागद बघायचा. दोन्ही जुळलं की त्या भुवईवर चिकटपट्टीचा तुकडा, आणि मगच थेंब. अकरा वर्षांत एकाही डोळ्याची अदलाबदल झाली नव्हती. अर्थात परीक्षेत याला मार्क नव्हते.

मावशींना चादरींचं भय नव्हतं. जीव अडकला होता तो समोरच्या भिंतीवरच्या तक्त्यात. नजर तपासायचा तक्ता. वर घागरीएवढं अक्षर, खाली मुंगीएवढी. सत्तेचाळिसाव्या वर्षी त्या इथे आल्या तेव्हा अंगठा उठवत होत्या. पेशंट दिवसभर तो तक्ता मोठ्याने म्हणायचे, कानांनी सगळी ओळ पाठ झाली, आणि मग एक दिवस डोळ्यांनी कानांना गाठलं. उरलेली अक्षरं थेंबांच्या बाटल्यांनी आणि दारावरच्या पाटीने शिकवली. त्यामुळे मावशी वाचायच्या त्या तक्त्यासारख्याच. एकही अक्षर सोडायचं नाही.

आणि घोडं अडलं ते तिथेच. परीक्षक खुद्द मोठे डॉक्टर होते. दवाखान्याचा रिवाज असा, की मोठे डॉक्टर म्हणतील तो उच्चार बरोबर. ते तीस वर्षं आपल्या विभागाला 'ऑप्टॅमॉलॉजी' म्हणत आले होते. धाकटे डॉक्टर नव्याने आले तेव्हा 'ऑफ्थॅल्मॉलॉजी' म्हणायचे. पहिल्या पगाराआधीच त्यांची जीभ सरळ झाली.

"मावशी, साहेब म्हणतात तसं म्हणा आणि मोकळ्या व्हा," सिस्टरने आदल्या दिवशी बजावलं.

"पण पाटीवर तसं नाही हो."

"पाटी तुमची बदली करणार आहे का?"

परीक्षा थेंबांच्या खोलीतच झाली. नऊ शब्द कसेबसे पार पडले. दहाव्याला मावशींनी सवयीने दारावरच्या पाटीकडे पाहिलं आणि सावकाश वाचलं, "ऑ-फ्-थॅल्-मॉ-लॉ-जी."

धाकट्या डॉक्टरांना एकाएकी खोकला आला.

"परत म्हणा," मोठे डॉक्टर म्हणाले.

मावशींनी परत तेच म्हटलं.

"ऑप्टॅमॉलॉजी! एवढं सोपं आहे."

"साहेब, पाटीवर फ आहे."

"पाटी पेंटरने रंगवलीय, मावशी. तो काय डॉक्टर आहे?"

"नाही ना साहेब. म्हणून तर बघून बघून रंगवली."

सगळा दवाखाना उत्तीर्ण झाला. जन्मभर 'ग्लॉकोमा'ला 'ग्लाकोमा' म्हणणारा कंपाउंडरसुद्धा, कारण साहेबही तेच म्हणायचे. मावशी तळघरात गेल्या. तिथे वाचायला चादरींवरचा शिक्का होता, आणि तोही धुऊन धुऊन पुसलेला.

थेंबांच्या खुर्चीशी आल्या नव्या बाई. त्यांना दहापैकी दहा होते. त्यांचे थेंब मात्र गालावर पडायचे, पण पडताना त्या औषधाचं नाव इतकं झोकात घ्यायच्या, की पेशंट गाल पुसत कौतुकाने मान हलवायचे.

पुढे मोठ्या डॉक्टरांच्याच डोळ्यात मोतीबिंदू पिकला. मोतीबिंदू हुद्दा विचारत नाही. ऑपरेशन धाकटे डॉक्टर करणार होते. साहेब थेंबांच्या खुर्चीत बसले, चष्मा सिस्टरकडे दिला, नव्या बाई बाटली घेऊन पुढे झाल्या, आणि साहेब खुर्चीतच मागे सरकले.

"तळघरातून मावशींना बोलवा."

मावशी ओले हात पुसत वर आल्या, साबण लावून परत धुतले.

"कोणता डोळा, साहेब?"

"कागदावर आहे की."

"बोट ठेवा."

"अहो, मी इथला मोठा डॉक्टर आहे!"

"म्हणून तर मऊ आवाजात सांगतेय. ठेवा बोट."

साहेबांनी उजव्या डोळ्यावर बोट ठेवलं. मावशींनी कागद उचलला. नव्या बाईंच्या वळणदार अक्षरात तिथे लिहिलं होतं, डावा.

मावशींनी कागद सिस्टरला दाखवला. सिस्टरने तो वाचून दाखवला. नव्या बाईंना बाहेर काहीतरी काम आठवलं. मावशींनी उजव्या भुवईवर पट्टी चिकटवली, पापणी उचलली, थेंब सोडला.

"खाली बरं चाललंय ना तुमचं?" साहेबांनी विचारलं.

"वाचायला काही नाही, साहेब."

साहेबांनी घसा साफ केला. "सिस्टर, फेरपरीक्षेचा कागद आणा. आत्ताच घेऊन टाकू."

कागद अर्ध्या तासाने आला. पण तोवर उजवी बाहुली थाळीएवढी झाली होती, डाव्याला चष्म्याशिवाय धुकं. साहेबांना कागद कुठे संपतो आणि मांडी कुठे सुरू होते तेही दिसेना.

"मी वाचते," मावशी म्हणाल्या. "फेरपरीक्षा. विभाग, ऑ-फ्-थॅल्-मॉ-लॉ-जी..."

साहेबांचे ओठ उघडले.

"हलू नका साहेब. दुसरा थेंब आहे. बोलूही नका."

ओठ मिटले. थेंब नेमका आत पडला, गालाला त्याचा पत्ताही लागला नाही.

"निकालाची जागा रिकामी आहे," मावशी म्हणाल्या.

"कुठंय?"

मावशींनी साहेबांचं बोट धरलं आणि त्या जागेवर नेऊन ठेवलं. साहेबांनी चाचपडत 'उत्तीर्ण' लिहिलं, ओळ उताराला लागली होती. खाली सही केली. आणि शेजारी, कुणी न सांगता, शेरा मारला: उच्चारात समाधानकारक सुधारणा.