पाणी सोडणारी

माझं डोकं तापट आहे, यावर आमच्या घरात दुमत नाही. घरात आहोत तरी किती, मी आणि माझी नणंद. "वहिनी, डोकं थंड ठेव गं," असं ती दिवसातून दहादा म्हणते. टेकडीवरच्या नव्या इमारतीत विचार करणारी यंत्रं बसवलीत आणि त्यांची डोकी थंड ठेवायला आमच्याच टाकीतलं पाणी लागणार, असं कळलं तेव्हा मी पोट धरून हसले. म्हटलं, चला, आपल्या जातकुळीतलं आणखी कुणी निघालं.

हसू चार दिवससुद्धा टिकलं नाही.

मी पाणी खात्यात चावी फिरवते. माझ्या खांद्याएवढी लोखंडी चावी रस्त्यातल्या झाकणाखाली घालायची, बावीस फेरे द्यायचे, की गल्लीत पाणी. सकाळी सहा ते आठ. नणंदेची लॉन्ड्री त्या दोन तासांवर चालते. दवाखान्याच्या चादरी धुते ती. मागे एकदा पाणी कमी आलं, तर बयेने प्यायच्या पाण्याचा हंडा चादरींवर ओतला आणि आम्ही दिवसभर शेजारून तांब्या-तांब्या मागून आणला.

सोमवारी साहेबांनी माझ्या हातात कागद दिला. उद्यापासून सहा ते सात टेकडीला पाणी, गल्लीला फक्त सात ते आठ. भाषा अशी गोड की कागदाला मुंग्या लागाव्यात. 'आपल्या समंजस सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार.' आमच्या साहेबांनी जन्मात कुणाचे आभार मानलेले नाहीत. कुठेतरी पाणी मुरत होतं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"टेकडीवरच्या मशीनने लिहून दिलं," साहेब कौतुकाने म्हणाले. "अर्ध्या मिनिटात!"

"म्हणजे ज्याला पाणी हवं, त्यानेच हुकूम काढला? बरंय की. आणि सही?"

वेळ बदलायची तर साहेबांची सही लागते, हा खात्याचा जुना नियम. साहेबांनी पेन काढलं, टोपण उघडलं आणि परत खिशाला लावलं. उद्या गल्ली कचेरीवर चालून आली तर कागदावर नाव कुणाचं, हे त्यांनाही कळत होतं.

"वरून तोंडी आदेश आहे, बाई."

"मग वरच्यांना तोंडीच पाणी द्या."

मंगळवारी सहाला साहेब जातीने झाकणापाशी हजर. शेजारीशेजारी दोन व्हॉल्व्ह, एक गल्लीचा, एक टेकडीचा. लॉन्ड्रीच्या दारात नणंद चादरींच्या ढिगाजवळ उभी होती.

"डोकं थंड ठेवून विचार करा," साहेब म्हणाले. "नाहीतर नोकरीवर पाणी सोडावं लागेल."

खोटं कशाला सांगू, या चावीशिवाय मला दुसरं काही येत नाही.

"सतरा वर्षं पाणीच सोडतेय, साहेब," मी म्हणाले. "नोकरीवरही सोडीन. पण आधी गल्लीत."

मी चावी गल्लीच्या व्हॉल्व्हला लावली आणि एकेक करत बावीस फेरे दिले. साहेब बघत राहिले. त्यांनी हात लावला नाही. चावी कुठल्या बाजूला फिरते हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

नणंद आज 'डोकं थंड ठेव' म्हणाली नाही. तिने बाह्या वर केल्या आणि पहिली चादर नळाखाली धरली.