बुरशीचा मका आणि माझी अब्रू

मी एक म्हातारा डुक्कर आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो! सर्बियातल्या आमच्या गावात निम्म्या अंगणांतून माझीच पिल्ले-नातवंडे लोळतात. देसांकाबाईंच्या घरी मी लहानाचा मोठा झालो. येणारा-जाणारा माझी पाठ थोपटायचा आणि मी उगाच फुशारून जायचो.

पण एका वर्षी माझे ग्रह फिरले. आमच्या ल्युबा डुकरिणीचे पोट दिसू लागले, सडही भरले. देसांकाबाईंनी ताजा पेंढा पसरला. दिवस भरले, उलटून गेले, पिल्लू मात्र एकही नाही! दुसरीचीही तीच तऱ्हा. खापर अर्थातच माझ्या डोक्यावर फुटले.

"म्हातारा झालाय तो," शेजारचा सावा कुंपणावर रेलून म्हणाला. "थंडी पडलीच आहे. कापा आणि सॉसेज भरा."

"चामड्यासारखं लागेल रे मेल्या!"

"दात माझे, काळजी तुम्हाला कशाला?"

देसांकाबाईंचा जीव तुटत होता, पण शनिवार ठरला. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी काही संन्यासी नव्हतो म्हणा, पण मरायचे तर मुळीच नव्हते. भीतीने माझ्या शेपटीचा पीळसुद्धा गेला.

शनिवारी सावा सुरी घेऊन आला आणि शेजारच्या कप्प्यापाशी थबकला. तिथे मिलाश राहायचा, लहानपणीच खच्ची केलेला भोळा नर. त्याच्या पोटाखालचे सड चक्क सुजून लोंबत होते!

"अहो बाई, हा तर दूध द्यायला निघाला!"

"मग हेही माझ्या म्हाताऱ्यानेच केलं का रे?" देसांकाबाई कडाडल्या. "ठेव ती सुरी!"

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी थेट मक्याचे कोठार उघडले. गळक्या छपराखाली कणसे गुलाबी बुरशीने माखली होती.

"या बुरशीत झिअरालेनोन नावाचं विष असतं," त्या म्हणाल्या. "पोटात गेलं की ते मादीच्या संप्रेरकासारखं वागतं. शरीर फसतं बिचारं. हा मका आधी बंद करा. आणि छप्पर कधी दुरुस्त केलं होतं?"

देसांकाबाईंनी हळूच मान वळवली. "सावा, उन्हाळ्यात तूच करणार होतास ना? दारूची बाटलीसुद्धा आगाऊ नेलीस!"

सावा शिडी आणायला गेला.

कोरडा मका खाऊन वसंतात ल्युबाला नऊ पिल्ले झाली. सावा एक मागायला आला, तर देसांकाबाई म्हणाल्या, "बापाला विचार."

"चुकलो रे बाबा," तो माझा कान खाजवत पुटपुटला. मला फार बरे वाटले.

मित्रांनो, धान्य कोरडे ठेवा. आणि कुणाला नालायक ठरवण्याआधी त्याच्या ताटात आपण काय वाढले, ते एकदा वाकून बघा.