केशरबाईंच्या दोन चिठ्ठ्या

मित्रांनो, मी एक जुनी तक्रारपेटी आहे. अकोल्यातल्या एका जिनिंगमागच्या, म्हणजे सरकी काढणाऱ्या कापूस गिरणीमागच्या वस्तीत, पोलीस चौकीच्या भिंतीवर मी टांगलेली आहे. अब्दुल सत्तार मिस्त्रींनी मला पत्र्यातून घडवले. कुणाचा हात कापू नये म्हणून माझ्या कडा त्यांनी कानशीने घासून गुळगुळीत केल्या.

तेव्हा कापसाचे दिवस फिरले होते. जिनिंग बंद पडली, माणसे रिकामी झाली आणि नाल्याकाठी गावठी दारूची भट्टी लागली. पोलिसांनी वस्तीत सभा घेतली. आमचे हवालदार जानराव बायांना म्हणाले, "नाव नका लिहू, पन खरं लिहा. पेटीची चावी माह्यापाशीच राहीन."

ते रोज सकाळी मला उघडत. पहिल्याच आठवड्यात एका चिठ्ठीवरून त्यांनी भट्टी मोडली. ती चिठ्ठी कोणाची, हे कुणालाच कळले नाही. बायांनी मला हळदकुंकू लावले, तेव्हा मी किती सुखावले!

दोन वर्षांनी जानरावांची बदली झाली. चौकीत दिलेली चावी कुठल्याशा खणात पडून राहिली. भट्टी पुन्हा लागली. भाजी विकणाऱ्या केशरबाईंनी कॅलेंडरच्या पानामागे लिहून चिठ्ठी टाकली. आठ दिवसांनी दुसरी टाकली. दोन्ही माझ्या पोटातच राहिल्या. मला हाक मारता येत नव्हती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ती दारू पिऊन चौघे दगावले. त्यांत केशरबाईंचे पती सूर्यभानही होते.

बातमी ऐकून जानराव धावत आले. चावी सापडेना, म्हणून त्यांनी कुलूप तोडले. दुसरी चिठ्ठी त्यांनी मोठ्याने वाचली, "दारूले औषधावानी वास येते. आमच्या घरचे तेच पेतात. लवकर या."

केशरबाई चौकीच्या दारातच उभ्या होत्या. "मी तं दोनदा लिवलं होतं, भाऊ. कोनी वाचलं काहून नाई?"

जानरावांनी टोपी काढली.

पुढे मला नवा रंग दिला, नवे कुलूप आले. मोठ्या साहेबांच्या हुकुमाने पोलीस मला रोज उघडू लागले. पण आत काहीच नसे. वस्तीने लिहिणे सोडले होते.

मित्रांनो, मला रंग नको, हळदकुंकूही नको. कुणी भरवशाने तुम्हाला काही सांगितले, तर ते त्याच दिवशी ऐका.