दुसऱ्या घरातला मंगळ

फुकट मिळालेल्या वस्तूवर माझा विश्वास नाही. भाजीवाला कोथिंबीर फुकट देतो, पण त्याआधी टोमॅटोत वसूल करून घेतो. त्यामुळे पुष्कर जेव्हा म्हणाला, की काकू, हे सॉफ्टवेअर मोफत आहे, कोणीही घ्यावं, कोणीही वापरावं, तेव्हा मी सरळ विचारलं, "देणाऱ्याचा यात काय फायदा?"

"काही नाही. लोकांनी मिळून लिहिलंय."

"आणि बिघडलं तर फोन कोणाला करायचा?"

"मला," तो म्हणाला.

पुष्कर आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो आणि नोएडात कॉम्प्युटर कंपनीत नोकरी करतो. मी गाझियाबादला, वैशालीतल्या आमच्या घरी, मराठी वधूवर सूचक मंडळ चालवते. आपली माणसं या नव्या कॉलन्यांमध्ये अशी विखुरली आहेत, की शेजारच्या ब्लॉकमधलं स्थळही माझ्याकडून कळतं. पत्रिका जुळवायचा माझा प्रोग्राम दिल्लीत नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातून आणलेल्या चोरीच्या सीडीवरचा होता. चोरीचा असला तरी पत्रिका झकास छापायचा, वर गणपतीचं चित्र टाकून. मग व्हायरस शिरला, मशीन आडवं झालं आणि ओरखडे पडलेली सीडीही चालेना.

"पुन्हा चोरीचं कशाला?" पुष्कर म्हणाला. "तुमच्यासारख्या छोट्या धंद्यांनी तर हेच वापरायला हवं." मी हो म्हटलं आणि फसले. नेहमीची बटणं नाहीत, गणपती नाही, आणि छापताना वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसत. रोज संध्याकाळी त्याला हाका मारून मारून माझा घसा बसला.

पण खरा घोळ झाला तो माझ्याच मुलीच्या लग्नात.

सुखदाचं अनिशशी ठरत आलं होतं. तो मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. जुन्या प्रोग्रामवर दोघांची पत्रिका मी तपासली होती. गुण भरपूर, मंगळ कोणालाच नाही. गुडगावच्या मॉलमध्ये भेटीगाठी चालू झाल्या होत्या आणि घरात धड उत्तर न देणारी माझी मुलगी भांडी घासताना गुणगुणायला लागली होती. साखरपुडा ठरवण्याआधी अनिशच्या आईंना, गिरिजाताईंना, पत्रिकेची एक स्वच्छ प्रत त्यांच्या गुरुजींसाठी हवी होती. मी नव्या प्रोग्रामवर तीच माहिती भरली. उत्तर आलं: वधूला मंगळ आहे.

काही चुकलं असेल म्हणून पुन्हा भरली. पुन्हा तेच.

पुष्कर आला आणि त्याने प्रोग्रामचं पोटच उघडलं. आत नुसत्या ओळीच ओळी. "काकू, जुना प्रोग्राम जन्मगाव विचारायचा का?"

"विचारायचा. पण काहीही लिहिलं तरी छापताना दिल्लीच यायचं. मला वाटायचं, आपण दिल्लीत राहतो म्हणून येत असेल."

त्याने कपाळावर हात मारला. सुखदा जन्मली नागपूरला, माझ्या माहेरी. पहिलं बाळंतपण माहेरीच होतं आपल्यात. मंडळातली निम्मी मुलं अशीच आजोळी जन्मलेली. आणि त्या सगळ्यांना मी दिल्लीत जन्माला घालून त्यांची लग्नं लावली होती. बरं, ती जोडपी छान नांदताहेत. मग चुकीचं काय आणि बरोबर काय, मला काही कळेना.

"म्हणजे हा नवा खरा?"

"जन्मगावाचं गणित खरं, बिल्कुल. पण ही ओळ बघा. मंगळ कुठल्या घरात असला तर दोष धरायचा, ते आकडे आहेत."

एक, दोन, चार, सात, आठ, बारा. "दोन कशाला?" मी म्हटलं. "आपल्याकडे दुसरं घर नाही धरत."

"लिहिणारा दक्षिणेतला असणार. तिकडे धरतात. सुखदाचा मंगळ दुसऱ्याच घरात आहे. काढू तो आकडा?" मी काही म्हणायच्या आत त्याने दोन पुसला. वधूला मंगळ नाही.

मला हायसं वाटायला हवं होतं. उलट रागच आला. "ही दुरुस्ती की लबाडी?"

"तुमचा हक्क आहे काकू. म्हणून तर हे उघडं ठेवलंय."

"हक्कही माझा आणि मुलगीही माझी! लोक काय म्हणतील?" दुसऱ्या कोणाची मुलगी असती तर मी तो आकडा डोळे मिटून काढला असता.

"आई, जे चांगलं येतंय ते छाप ना यार," सुखदा म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

रविवारी गिरिजाताई आल्या. छापलेला कागद हातात द्यायचा आणि गप्प बसायचं, असं मी पक्कं ठरवलं होतं. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. नागपूर, दिल्ली, दोनाचा आकडा, सगळं सांगून बसले. स्वयंपाकघराच्या दारात सुखदा पोह्यांच्या बश्या घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

"दाखवा," गिरिजाताई म्हणाल्या.

मी पुष्करला वरून बोलावलं. त्याने आकडा घातला, मंगळ आला. काढला, गेला.

"मी करून बघू?" त्या खुर्चीत बसल्या. एका बोटाने दोन घातला, काढला. पुन्हा घातला, पुन्हा काढला. मोडलं लग्न, मी मनात म्हटलं. आता या बाईंचा कशावर विश्वास बसणार?

"माझं माहेर हैदराबादचं," त्या पडद्याकडेच बघत म्हणाल्या. "आमच्या गुरुजींनी सांगितलं होतं, मुलीला दुसऱ्या घरात मंगळ. चांगली चांगली स्थळं दारातून परत गेली. शेवटी मंगळाचा म्हणून एक बिजवर मिळाला. माझ्या वडिलांच्या वयाचा."

अनिश शाळेत असतानाच त्याचे वडील गेले, एवढंच मला माहीत होतं. त्यांचं वय विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं.

गिरिजाताईंनी दोन पुसला आणि या वेळी परत घातला नाही. "कागद नको मला. साखरपुडा तुमच्या सोयीने धरा," त्या म्हणाल्या. सुखदाने बश्या तिथेच फ्रिजवर ठेवल्या आणि तोंडाला ओढणी लावली.

मग गिरिजाताईंनी माझा हात घट्ट धरला. "नीलाताई, मला तेव्हा हे कोणी उघडून का नाही दाखवलं?"