सेहेचाळीस नंबरची ट्राम आणि विल्फचे डोळे

मित्रांनो, माझा नंबर सेहेचाळीस. यॉर्कशायरमधल्या हॅलबेक गावची मी जुनी ट्राम. बागेतल्या रुळांवर अजून उभी आहे, पण माझ्या दोन्ही मोटरी काढून नेल्या आहेत. म्हणून माझी हकीगत आजच सांगून टाकते.

१९२६ साली गावातल्याच सुतारांनी मला बांधलं. पहाटे साडेपाचला मी लोकरीच्या गिरणीतल्या बायकांना चढावर नेत असे. धुकं असो की बर्फ, मी कधी खाडा केला नाही. माझा चालक सिडनी अॅक्रॉइड चढ संपला की माझ्या पत्र्यावर थाप मारायचा. एवढंच काय ते कौतुक, पण मला ते पुरायचं.

१९५२ मध्ये बसगाड्या आल्या. माझ्या बहिणींना जाळून त्यांच्यातलं लोखंड वेगळं काढलं. मी वाचले, कारण एका शेतकऱ्याला खुराडं हवं होतं. त्यानं माझी चाकं आणि बाकं काढली. पुढची बावीस वर्षं माझ्यात कोंबड्या राहिल्या.

मग एक दिवस सिडनीचा मुलगा विल्फ आला. गिरणीत माग दुरुस्त करणारा तिशीतला माणूस. त्यानं बाहीनं घाण पुसली आणि नंबर वाचला.

"एनिड, हीच बाबांची गाडी."

त्याच्या बायकोनं नाक धरलं होतं. "मग बाबांच्या गाडीला आधी आंघोळ घाल."

बारा वर्षांचे शनिवार त्यांनी माझ्यावर खर्च केले. हळूहळू वीसेक माणसं जमली. पगार कुणालाच नव्हता. विल्फनं बेल्जियमच्या एका भंगारवाल्याकडून चाकं आणि मोटरी मिळवल्या. क्लिफर्ड हेग या वायरमननं तारा ओढल्या. एनिडनं गाद्या शिवल्या. १९८६ च्या उन्हाळ्यापासून मी दर रविवारी बागेच्या फाटकापासून तळ्यापर्यंत धावू लागले. विल्फ मला चालवायचा, एनिड तिकिटं फाडायची.

मित्रांनो, इथं एक गोष्ट कबूल करते. त्या चांगल्या दिवसांत शिकायला बरेच लोक आले होते. विल्फ त्यांना वंगण घालायला सांगायचा, काचा पुसायला सांगायचा, पण गाडी चालवायचा पितळी दांडा कुणाच्या हाती द्यायचा नाही. "पुढच्या वर्षी बघू," म्हणायचा. लोक कंटाळून निघून गेले. मला त्याचं वाईट वाटलं नाही. त्याचाच हात मला आवडायचा.

मग माणसं म्हातारी झाली, काही वारली. रविवारच्या चहाच्या मगांची रांग आखूड होत गेली. अखेर विल्फ, एनिड आणि क्लिफर्ड असे तिघंच उरले. तेव्हा कुठे विल्फनं लायब्ररीत चिठ्ठी लावली, 'ट्राम चालवायला शिकवू.' दोघं आले. एकाला फक्त फोटो हवे होते. दुसरी रुग्णालयात परिचारिका होती, तिला खरंच शिकायचं होतं, पण तिची ड्यूटी नेमकी रविवारी असायची.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. एक बाई बाबागाडी रुळावर ठेवून बुटाची नाडी बांधायला वाकली. मला ती दिसत होती. विल्फनं वेग कमी केला नाही. मित्रांनो, मला स्वतःला थांबता येत नाही.

"विल्फ, ब्रेक!" एनिड ओरडली.

मी हातभर अंतरावर थांबले. बाईनं बाळाला उचलून छातीशी धरलं आणि मागं न पाहता निघून गेली. विल्फ विचारत होता, "काय होतं? कुठे होतं?"

एनिडनं त्याच्याकडे पाहिलं. "कधीपासून दिसत नाही तुला?"

"इस्टरपासून. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर चालवू दिलं असतंस?"

"नसतं दिलं."

"म्हणूनच."

त्यानं पितळी दांडा काढून तिच्या हातात ठेवला. मला चालवता येणारं दुसरं कुणीच नव्हतं.

"सदतीस वर्षं सांगतोय, कुणाला तरी शिकव," क्लिफर्ड म्हणाला. "पण तू या गाडीला लग्नाची बायकोच समजलास."

"बायकोला तरी कुठे शिकवलं त्यानं?" एनिड म्हणाली. कुणी हसलं नाही.

हिवाळाभर एनिड संग्रहालयांना पत्रं लिहीत राहिली. सगळीकडे जागेची अडचण होती. दक्षिणेकडच्या एका मंडळाचं तेवढं वेगळं उत्तर आलं, 'गाडी नको, मोटरी घेऊ. आमच्या ट्रामला लागतील.' महिन्याभरानं एका सकाळी विल्फ बोल्ट काढायचे पाने घेऊन माझ्याखाली शिरला.

"दुसरं कुणी काढेल तर बोल्ट तोडून काढेल," तो म्हणाला. चाचपत, बोटांनी बघत, त्याला नऊ दिवस लागले.

मोटरी न्यायला हेझल नावाची बाई लॉरी घेऊन आली. तिचेही हात ग्रीसनं काळे होते. विल्फनं तिला सांगितलं, "पुढची मोटर थंडीत कुरकुरते. तिला जरा हळू घ्या." मग त्यानं विचारलं, "तुमच्याकडे चालवता येणारे किती?"

"अकरा," हेझल म्हणाली.

विल्फ हातातल्या फडक्याची घडी घालत राहिला. लॉरी गेल्यावर तो एनिडला म्हणाला, "अकरा जण, एनिड."

मित्रांनो, मला जपा असं मी आता म्हणणार नाही. ती वेळ गेली. विल्फनं माझ्यावर प्रेम करण्यात कसूर केली नाही. त्यानं फक्त ते प्रेम आपल्याच मुठीत ठेवलं. तुम्हाला एखादी वस्तू, एखादं काम जिवापाड आवडत असेल, तर डोळे चांगले आहेत तोवर ते दुसऱ्याच्या हाती द्या. तो चुकेल, ओरखडे पाडेल, तरी द्या.

गुरुवारी मला तोडायला माणसं येणार आहेत. एनिडनं काल विल्फला विचारलं, "यायचंय का तुला?"

"नको," तो म्हणाला. "दिसणार नाही, पण ऐकू येईल."