पेद्दिराजूंचा भोंगा

माझ्या तोंडाला अजून जर्द्याचा घाण वास येतो. मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा भोंगा आहे, आणि हा वास माझा नाही. तो पेद्दिराजू या नामांकित तेलुगू दिग्दर्शकाचा आहे. तीस वर्षे त्यांनी मला तोंडाला लावले, म्हणून त्यांची कारकीर्द सांगण्याचा हक्क मला आहे.

राजमहेंद्रीच्या एका कारागिराने मला तेलाच्या डब्यापासून घडवले. तेव्हा पेद्दिराजूंच्या पहिल्या चित्रपटाचे चित्रीकरण गोदावरीकाठी चालले होते. गर्दीच्या दृश्यांत उभ्या राहणाऱ्या बायकांनाही ते 'अक्का' म्हणत. त्यांतली सूरम्मा पुराच्या दृश्यासाठी दिवसभर गळाभर पाण्यात उभी राहिली. संध्याकाळी राजू मला बाजूला ठेवून तिच्याजवळ गेले.

"सूरम्मक्का, पुढच्या चित्रपटात तुला बोलायला देतो. शब्द माझा."

"दे रे बाबा. मुकी म्हणून मरायचं नाही मला," ती हसत म्हणाली.

चित्रपट चालला. पुढचेही चालावेत म्हणून राजूंनी एका बड्या नटाचे पाय धरले. त्याला सगळे बाबूगारू म्हणत. मग काय विचारता! साठीचा नायक आणि नातीच्या वयाची नायिका. एका लाथेत दहा गुंड आकाशात. बाबूगारू शिंकले तरी राजू माझ्यातून ओरडत, "अद्भुत, बाबूगारू, अद्भुत!" आणि त्याच तोंडाने गर्दीतल्या बायकांना गुरांसारखे हाकत. त्यांची थुंकी माझ्या आत वाळायची. किळस यायची मला, पण भोंगा करणार काय?

सूरम्मा प्रत्येक चित्रपटात होती. कधी भाजीवाली, कधी प्रेताभोवती रडणारी. बोलणे कधीच नाही.

अखेर गेल्या साली तिला एक दृश्य मिळाले. परतलेल्या मुलाला दारात पाहणारी आई, चार वाक्ये. महिनाभर ती घोकत होती. चहावाल्याला ऐकवी, मलाही ऐकवी.

शेवटच्या दिवशी तेवढेच दृश्य उरले होते. आमच्याकडे चित्रीकरण संपले की कॅमेऱ्यापुढे कोहळा फोडतात. त्यानंतर त्या चित्रपटासाठी कॅमेरा पुन्हा चालवणे म्हणजे घोर अपशकुन. सूरम्मा विटके लुगडे नेसून तयार बसली होती, तोच बाबूगारू उठले.

"राजू, कोहळा माझ्याच हातानं फोडायचाय ना? मग आत्ताच. मला विमान गाठायचंय."

"एकच दृश्य राहिलंय, बाबूगारू. म्हातारीचं."

"म्हातारीला बघायला तिकीट काढतात होय लोक?"

सगळे हसले. राजू सगळ्यांत मोठ्याने हसले आणि माझ्यातून ओरडले, "कोहळा आणा रे!"

कोहळा फुटला. सूरम्मा उठून राजूंपुढे हातभर अंतरावर येऊन उभी राहिली.

"राजू, माझी वाक्यं रे?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मला तोंडाला लावले आणि सगळ्या सेटला ऐकू जाईल असे ओरडले, "ए म्हातारे, कोहळा फुटला! जन्म गेला या धंद्यात, एवढंही कळत नाही?"

ते शब्द माझ्यातून गेले, मित्रांनो. मला माझीच शिसारी आली.

राजू मला खुर्चीवर टाकून बाबूगारूंना गाडीपर्यंत पोचवायला धावले. सूरम्माने मला उचलले. उठून चाललेल्या माणसांकडे तोंड करून तिने आपली चारही वाक्ये म्हटली.

"आलास? दमला असशील. हातपाय धुऊन घे. मीसुद्धा अजून जेवले नाही."

कोहळा फुटल्यावर वाटलेले लाडू खाणारे हात थांबले. दिवेवाला डोळे पुसू लागला. कॅमेरा मात्र केव्हाच पेटीत गेला होता. तिने मला जागेवर ठेवले आणि ती पुन्हा कधी कामाला आली नाही.

चित्रपट जोरात चालला, राजूंच्या गळ्यात हार पडले. मी आता अडगळीत आहे. मला घासूनपुसून ठेवा, असे मी म्हणणार नाही. कुणाला दिलेला शब्द मोडायची वेळ आलीच, तर त्या माणसाजवळ जा, त्याच्या डोळ्यांत बघा आणि आपल्या साध्या आवाजात सांगा. मला मध्ये घेऊ नका.